येसर म्हाळसाचं, पाकीट प्रगतीचं

नोकरी सोडली म्हणून तुमचा कधी कुणी सत्कार केलाय का? शाल, नारळ, फेटा, मागं बॅनर, पुढं टाळ्या? नसणारच केला. तुम्ही सोडली असेल तेव्हा घरच्यांनी कपाळाला हात लावला असेल. सोडण्याचा सत्कार व्हायचा तर सोडण्याजोगं काहीतरी आधी हातात असावं लागतं, आणि ते पुण्यातलं असावं लागतं.

कऱ्हाटीच्या म्हाळसानं उभ्या आयुष्यात पुष्कळ सोडलं. नववीत शाळा सोडली, कारण आई खुरपायला जायची आणि घरी धाकटी भावंडं होती. इंदापूर तालुक्यातलं माहेर सोडलं, कारण लग्न झालं. बारामतीच्या एका डेअरीत पिशव्या भरायचं काम लागलं होतं, स्वतःच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून जायची, ते सोडलं, कारण सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. त्या दिवशी नवऱ्यानं, सोपाननं, एवढंच विचारलं की उद्यापासून दुपारची भाकरी गरम मिळंल ना.

आणि तिची नणंद प्रगती. तिनं एकच गोष्ट सोडली, तर बारामतीशेजारच्या जळोचीच्या मंगल कार्यालयात खुर्च्या कमी पडल्या.

ही प्रगती आठ वर्षांची असताना म्हाळसा नवरी होऊन या घरात आली. सासू धोंडाबाई मानपानाची. पहिल्याच सकाळी सुनेला बजावलं की लहान असली तरी नणंद आहे, तिला 'वन्सं' म्हणायचं आणि अहोजाहो करायचं. मग काय, अठरा वर्षांची बाई आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यातल्या उवा काढताना म्हणायची, वन्सं, मान सरळ ठेवा. पोर शाळेत गेली की हिनं शेणकूर करायचं. पोर अभ्यासाला बसली आणि लाईट गेली की हिनं चुलीपुढची चिमणी उचलून तिच्याजवळ ठेवायची आणि स्वतः अंधारात भाकरी थापायच्या. पुढं कॉलेजात गेल्यावर प्रगतीच म्हणाली, वैनी, ते अहोजाहो बंद कर, मला लाज वाटते. बोलणं बदललं. आतलं असं सांगून बदलत नसतं.

प्रगती हुशार होती, हे खोटं नाही. शिकली, पुण्याला गेली, खराडीच्या एका काचेच्या इमारतीत बसून श्रीमंत लोकांनी पैसा कुठं गुंतवावा हे सांगायला लागली. दिवाळीला गावी यायची तेव्हा धोंडाबाई खाटेवर धुतलेली चादर घालायच्या. त्याच खाटेखालचा केर म्हाळसा रोज काढत होती, तिच्यासाठी कधी कुणी चादर बदलली नाही. असलं मनात धरू नये म्हणतात. म्हणणारे खाटेवर बसलेले असतात.

पण पुण्याला परत निघताना प्रगती एक गोष्ट न चुकता मागून न्यायची. वैनीच्या हातच्या येसराचा डबा.

येसर म्हणजे काय, तर बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजायची, त्यात सुकं खोबरं, धने, मिरची, लवंग, दगडफूल तळून घालायचं आणि सगळं भरडसर दळायचं. लग्नघरी फोडणीच्या उकळत्या पाण्यात हे सोडलं की पातेलंभर दाट आमटी होते आणि भाकरी कुस्करून बसलेला पाहुणा चौथ्यांदा वाटी पुढं करतो. येसर पुष्कळ घरांत होतं. पण बाजरीचं पीठ हट्टी, थोड्या दिवसांत कडू पडतं. म्हणून लोक लग्नापुरतं करतात आणि संपवून टाकतात. म्हाळसाचं येसर वर्षभर कडू पडत नव्हतं. खराडीच्या फ्लॅटवरचा तो डबा पुढच्या दिवाळीपर्यंत पुरायचा आणि शेवटचा चमचा पहिल्यासारखाच लागायचा.

या डब्याच्या जोरावर प्रगतीनं दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली. येसर पाकिटात भरून विकायचं ठरवलं. घरात सांगितलं तेव्हा सोपाननं बहिणीसाठी बारामतीहून पेढे आणले. म्हाळसानं पेढा हातात घेतला आणि ताटलीत परत ठेवला. दाढ दुखतीय म्हणाली. दाढ दुखत नव्हती.

प्रगतीनं जळोचीत घर भाड्यानं घेतलं, लोणी देवकरच्या एमआयडीसीत गाळा घेतला आणि एका सकाळी वजनकाटा अन् मोबाईलचा स्टँड घेऊन कऱ्हाटीच्या चुलीपुढं येऊन बसली. वैनीनं मूठ भरली की प्रगती म्हणायची, थांब, आधी काट्यावर टाक. धन्याची मूठ काट्यावर, मिरचीची मूठ काट्यावर. म्हाळसाला वाटलं, आता ही माझा हातच उचलून काट्यावर ठेवते की काय. प्रत्येक मुठीचा आकडा लॅपटॉपात गेला. भाजताना किती मिनिटं, तेही गेलं. सगळं झाल्यावर प्रगतीनं मोबाईलसमोर विचारलं, वैनी, अजून काही राहिलं का सांगायचं?

म्हाळसा म्हणाली, न्हाय, एवढंच.

राहिलं होतं. कढईत पडलेली बाजरी साधी नव्हती. म्हाळसाची आई बाजरी भाजण्याआधी फडक्यात बांधून उकळत्या आधणात बुडवायची, वीसपर्यंत मोजायची, काढून सावलीत दोन दिवस वाळवायची आणि मग कढईत टाकायची. त्यानं बाजरीचा कडूपणा मरतो. म्हाळसानं ते प्रगती यायच्या आधीच उरकून ठेवलं होतं. तेव्हा मनात काही नव्हतं, कामाचा ओघ म्हणून केलं होतं. पण विचारल्यावर जीभ वळली नाही.

याला आमच्याकडं हातचं राखणं म्हणतात. पापड, लोणचं, काळा मसाला, कुठल्याही बाईला विचारून बघा. सगळं सांगेल आणि एक चिमूट राखेल. नाकं मुरडू नका. सातबारा नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या, पोरांना आडनाव बापाचं. बाईच्या नावावर असते ती तिच्या हाताची एक खोड. तीही काट्यावर टाकायची म्हणजे मागं उरलं काय?

तो घाणा म्हाळसाच्या बाजरीचा. नमुना म्हणून प्रयोगशाळेत गेला तोच. नऊ महिने टिकेल असा कागद आला. प्रगतीचा विश्वास बसला, गाळ्यात भट्टी लागली, सोपान आपल्या रानातली बाजरी टेम्पोनं पोचवायला लागला. गाळ्याच्या पूजेला म्हाळसाही गेली होती. तिथं भाजणीला नकोशी नावाची बाई ठेवली होती, लोणी देवकरचीच, नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. तिनं म्हाळसाला चहा दिला आणि कढईतली मूठभर बाजरी पुढं धरून विचारलं, ताई, तुमी जाणत्या, बराबर भाजलीय का? बाजरी खरपूस होती, रंग सोन्यासारखा, आणि आधण न दाखवलेली. म्हाळसानं एक दाणा चावला आणि म्हणाली, बराबर हाय.

मग तो सत्कार. पुण्यातली लाखांची नोकरी सोडून गावच्या मातीत आली, असं बॅनरवर छापलं होतं. म्हाळसाला ते दिसलं नाही, कारण ती मंगल कार्यालयाच्या मागं भटारखान्यात होती. पाहुण्यांना येसराची आमटी द्यायची होती आणि एवढ्या लोकांची आमटी करायला दुसरं होतं कोण? कानावर माईक येत होता. पाकिटाचं अनावरण झालं. नाव ठेवलं होतं धोंडाई येसर. खाली ओळ, आईच्या हातची चव. धोंडाबाईंना स्टेजवर बोलावलं, शाल घातली, आणि त्यांनी माईकवर सांगितलं की पोरीला लहानपणापासून माझ्या येसराचा लई नाद.

म्हाळसाच्या हातातला डाव तसाच राहिला. या बाईनं जन्मात येसर केलं नव्हतं. एकदा करायला गेली होती, तर बाजरीचा कोळसा झाला आणि दोन दिवस घराला धुराचा वास. आमटी तळाला लागायला आली तेव्हा म्हाळसा भानावर आली. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. वाढताना लोक म्हणत होते, धोंडाबाईंच्या हाताला काय चव आहे. म्हाळसा म्हणत होती, अजून घ्या.

गावात मिरची कांडपाची गिरणी मेहजबीनची. म्हाळसाची एवढी एकच मैत्रीण, आणि जिभेला हाड नसलेली. दुसऱ्या दिवशी म्हाळसा मिरची घेऊन गेली तर मेहजबीननं तिच्याकडं बघितलं आणि पट्टा बंद केला.

"काय गं, जळण किती लावलंस आज? धूर हितपातूर येतोय."

"मी कशाला जळू? ननंद हाय माझी."

"म्हणून तर इचारलं. परक्यावर कोण जळतंय एवढं?"

म्हाळसा पोत्यावर बसली आणि सगळं बोलली. खाटेवरची चादर, पेढे, शाल, सगळं. शेवटी आधणाचंही बोलली. मेहजबीननं गिरणीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाली की आता काय होणार ते तुला ठाऊक आहे ना. म्हाळसाला ठाऊक होतं. ती वाटच बघत होती.

दीड महिन्यानं व्हायचं ते झालं. इंदापूरच्या दुकानदाराचा फोन, बारामतीच्या दोन दुकानदारांचे फोन, पुण्याहून परत आलेले खोके. येसर कडू. प्रगती कऱ्हाटीला आली तेव्हा डोळ्यांखाली काळं झालं होतं. जेवली नाही. धोंडाबाईंनी पोरीला दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवल्या. म्हाळसानं माजघरात जाऊन एक पाकीट फोडलं, बोट बुडवून जिभेला लावलं. कडूजार. आणि खरं सांगायचं तर तिला ते गोड लागलं. पुढचे चार दिवस तिच्या हातून भाकऱ्या अशा फुगत होत्या की सोपान म्हणाला, आज काय सण हाय का?

पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, त्याच सोपाननं जेवता जेवता सांगितलं की प्रगतीला दोष सापडला. भाजणीवाली नीट भाजत नाही, आत कच्चं राहतं, म्हणून कडू पडतं. सोमवारपासून येऊ नको म्हणून तिला सांगितलंय, तिच्या जागी मशीन घेणार.

म्हाळसानं विचारलं, कोण भाजणीवाली? ती नकोशी का?

व्हय, तीच, असं म्हणून सोपाननं ताक मागितलं.

म्हाळसानं ताक दिलं आणि स्वतःचं ताट झाकून ठेवलं. चार दिवस तिनं मनात एकच हिशेब मांडला होता, की प्रगती बुडाली तर बुडू दे. आणि त्यात चूक तरी काय होती? प्रगती बुडाली तर खराडीला जाऊन पुन्हा वर निघेल, काचेची इमारत कुठं पळून गेली नाही. पण नकोशीला खराडी नव्हती. तिनं दाणा पुढं धरून विचारलं होतं आणि म्हाळसानं तिच्या तोंडावर बराबर हाय म्हणून सांगितलं होतं. नेम धरला होता माडीवर, दगड पडला झोपडीवर. आपल्याकडं दर वेळी असंच होतं, वरच्यांच्या भांडणात भाजणीवालीची हजेरी जाते. या वेळी दगड मारणारी स्वतः म्हाळसा होती, एवढाच फरक.

शनिवारी सकाळी तिनं गेल्या माघातलं येसर एका डब्यात घेतलं आणि घरात कुणाला न सांगता एसटी धरली. बारामती, भिगवण, तिथनं वडापची जीप, असं करत अकराच्या सुमारास लोणी देवकरला पोचली. वाटेत दोनदा तिला परत फिरावंसं वाटलं. सांगितलं तर आपल्याजवळ राहिलेलं एकमेव जाणार होतं, आणि जाऊन पडणार कुठं, तर धोंडाईच्या पाकिटात.

गाळ्यात प्रगती खोके उघडून बसली होती. नकोशी कोपऱ्यात कढई घासत होती, मशीन आलं की अडगळीत जाणारी कढई, तरी घासत होती. प्रगती उठून म्हणाली, कळवायचं तरी, वैनी. इथं सगळ्यांच्या डोक्यावर कागदी टोपी होती. म्हाळसानं आधी तसली एक मागून घेतली, घातली, आणि नकोशीला मोठ्या पातेल्यात आधण ठेवायला सांगितलं.

पाणी खळखळल्यावर तिनं फडक्यात बाजरी बांधली, पातेल्यात सोडली आणि मोठ्यानं मोजायला लागली. नकोशीनंही तिच्यासंगं मोजलं. वीसला पुरचुंडी बाहेर.

"एकवीस न्हाय करायचं," म्हाळसा नकोशीला म्हणाली. "पेज हुती. आता दोन दिस सावलीत. मग भाज. तुझ्या भाजण्यात खोट नव्हती, बाई."

मग तिनं आणलेला डबा उघडून प्रगतीपुढं धरला. माघापासूनचं येसर. प्रगतीनं चिमूट तोंडात टाकली. ती बाजरीच्या पोत्यावर खाली बसली. हुशार होती, सांगावं लागलं नाही.

"हे तू त्या दिवशी केलं नव्हतंस."

"केलं हुतं. तू यायच्या आदी."

"मी विचारलं होतं, वैनी. अजून काही राहिलं का म्हणून. माझ्याकडं रेकॉर्डिंग आहे."

"असंल की. लाव मोठ्या आवाजात. म्हाळसा खोटं बोलली, ऐकू दे समद्यांना. आन पाकिटावर आईच्या हातची चव लिवलंय, ते कोण बोललं? त्याचं रेकॉर्डिंग हाय का?"

प्रगतीनं समोरच्या खोक्यातलं एक पाकीट उचलून ती ओळ वाचली. मग राग आलाच तिला, आणि राग आल्यावर खराडीची भाषा गळून पडली. म्हणाली, माझी दोन वर्षं गेली, दुकानदार गेले, आन तू हितं मजा बघत बसलीस. म्हाळसा म्हणाली, व्हय, बघितली. तुझ्या लहानपणापासून तुझंच समदं बघत आले, हेबी बघितलं. आणि मग तिनं सांगितलं की मशीन आण नाहीतर विमान आण, ही नकोशी जाणार नाही. गेली तर हे वीस मोजणं मी गावोगावच्या बायकांना फुकट शिकवीन, मग वीक तुझं धोंडाई.

प्रगतीनं कपाळ चोळलं. नकोशी राहील, म्हणाली. चुकलं, म्हणाली, ते मात्र नकोशीला, वैनीला नाही.

"आन माझं नाव?" म्हाळसानं विचारलं. "पाकिटावर."

"मी सुचवलं होतं तुझं नाव, पहिल्यांदा. खोटं नाही सांगत. पाकीट बनवणारा म्हणाला, आई खपते, आजी खपते. वहिनी खपत नाही."

"मग खपवू नको मला. लिव नुसतं. मागल्या अंगाला, बारीक अक्षरात."

"कोण वाचतं गं मागचं? तिथं फोन नंबर आहे, कायद्यानं टाकावाच लागतो. लोक फोन करतात, कडू का म्हणून विचारतात, पाकीट फाटकं का म्हणून विचारतात. आजवर एकानं विचारलं नाही की हे करतं कोण. ज्या दिवशी शंभर जण विचारतील त्या दिवशी छापते. पुढच्या बाजूला छापते. शब्द आहे."

"माझा बी एक धरा मग त्यात," नकोशी कढईमागनं म्हणाली, आणि तिघीही हसल्या, कुणालाच हसायचं नव्हतं तरी.

कडू माल परत आला आणि टाकून दिला. नव्या घाण्याचा कडू असा एकही फोन आलेला नाही. म्हाळसा आता मंगळवारी आणि शुक्रवारी लोणी देवकरला जाते. नकोशीसारखीच हजेरीवर, गळ्यात पुन्हा कार्ड. सोपानची दुपारची भाकरी त्या दोन दिवशी गार असते आणि तो ती गारच खातो. येसर सांगितलं म्हणून म्हाळसाचा जीव मोठा झाला, असं मात्र समजू नका. परवा एक पोरगी कॅमेरा घेऊन आली, प्रगतीला भट्टीपुढं उभं करून तिच्या हातात झारा दिला. झारा उलटा धरला होता. म्हाळसा आधणाजवळ उभी राहून बघत होती आणि पोटात पुन्हा तेच, जुनं, ओळखीचं पेटत होतं. मत्सर वाईट असेल. पण पोटभर जेवलेल्या माणसानं भुकेला वाईट म्हणावं तसलं ते वाईट.

हे करतं कोण असं विचारणाऱ्या फोनांची मोजणी नकोशी ठेवते, भिंतीवर खडूनं रेघा ओढून. आजघडीला सत्तावीस रेघा आहेत. त्यातली एक तिची स्वतःची आणि चार मेहजबीनच्या, चार वेगळ्या नंबरांवरनं, चार वेगळे आवाज काढून. प्रगतीनं ते ओळखलं, तरी त्या रेघा पुसल्या नाहीत.

शंभरातले बाकीचे फोन तुम्ही करा. दुकानात धोंडाई येसराचं पाकीट दिसलं तर उलटं करा, मागचा नंबर लावा, आणि चव कशी, भाव काय हे काही न बोलता एवढंच विचारा, की ही बाजरी आधणातनं काढतं कोण? त्यांना नाव सांगू द्या. मगच फोन ठेवा.